डाव्या पाइपातून हिरवं पाणी

तिला गावात सगळे झाकणबाई म्हणत. हुद्दा तसा ऐटदार होता, जलसंरक्षण तपासनीस. पण एवढं लांबलचक बोलायला कुणाला सवड असते? लोकांना ती दिसायची ती रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसलेली, हातात लोखंडी आकडा, गटाराचं झाकण अर्धं उचललेलं आणि डोकं आत. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्याला नमुन्याच्या बाटल्यांची पेटी. माणसं तिला वळसा घालून जायची आणि जाता जाता विचारायची, "काय झाकणबाई, सापडलं का काही?" ती खालूनच उत्तर द्यायची, "तुमच्याच घरचं दिसतंय." बहुतेक वेळा ते खरं असायचं, त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे.

काम सांगायला सोपं होतं. गावाखालून दोन प्रकारचे पाइप जातात. एक घाण पाण्याचे. ते गावाबाहेर शुद्धीकरण केंद्रात जातात. दुसरे पावसाच्या पाण्याचे. ते सरळ ओढ्यावर उघडतात. ओढा पुढे तलावाला मिळतो आणि तलावाचं पाणी परत गावाच्या नळाला येतं. म्हणजे कुणी आपली मोरी पावसाच्या पाइपाला जोडून दिली, तर त्याची आंघोळ फिरून फिरून शेजाऱ्याच्या पेल्यात. कायदा सांगत होता की अशा जोडणीला जागेचा मालक जबाबदार, मग तो कुणी का असेना. झाकणबाईला त्या 'कुणी का असेना'चा फार अभिमान. तिने एका डॉक्टरला नोटीस दिली होती, दोन हॉटेलवाल्यांना दिली होती, आणि एका वकिलालाही दिली होती. वकिलाने नोटिशीतल्या अकरा चुका लाल शाईने दाखवून ती परत पाठवली. हिने अकराच्या अकरा सुधारल्या, बारावी आपण होऊन शोधली, आणि नोटीस पुन्हा नेऊन दिली.

आणि आता ओढ्याला फेस यायला लागला होता.

साधासुधा फेस नव्हे. रोज सकाळी दहाच्या सुमाराला उजव्या पाइपातून पांढराशुभ्र ढीगच्या ढीग बाहेर पडायचा. बदकं त्यातून पलीकडे निघाली की त्यांना दाढ्या आलेल्या. तक्रार दाखल झाली त्या दिवसापासून पंधरा दिवसांत उगम शोधायचा, असा नियम. नाही सापडला तर तपासनीसाने लेखी खुलासा द्यायचा, आणि खुलासा पटला नाही तर पेटी, आकडा आणि बूट ऑफिसात जमा करून घरी बसायचं. आज चौदावा दिवस होता. खरं तर उगम तिला पहिल्याच दिवशी कळला होता. त्या फेसाला एक वास होता, आणि त्या वासात ती लहानाची मोठी झाली होती.

उजव्या पाइपापासून एकेक झाकण उचलत वर गेलं की शेवटचं फेसाळ झाकण यायचं ते तिच्या बापाच्या लाँड्रीसमोर.

बाबांची लाँड्री चाळीस वर्षांची. खाली दोन मोठी धुलाईयंत्रं, त्यातलं दुसरं गेल्याच महिन्यात आलेलं आणि दुप्पट साबण खाणारं, इस्त्रीची लांब मेजं आणि कपाटांत चादरींच्या चळती. वरच्या मजल्यावर घर. दारावर पाटी होती: 'कुठलाही डाग आणा.' आणि बाबा ती पाटी जगत होते. शाई, तेल, गंज, रंग, रक्त, काय वाटेल ते आणा. बाबा डागाकडे असे बघायचे की निम्मा तिथेच विरघळायचा. त्यांना दुनियेत दोनच प्रकारची माणसं माहीत होती, पांढरे कपडे वेगळे ठेवणारी आणि अडाणी. लेकीने सरकारी नोकरी धरली तेव्हा त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, "आमची चिमी आता गावाचं पाणी सांभाळते." आणि तक्रार आल्या दिवसापासून तेच बाबा तिला मॅडम म्हणत होते. घरी, जेवायला बसल्यावरसुद्धा.

तिने पहिल्याच दिवशी साहेबांना लिहून दिलं होतं की संशयित जागा वडिलांची आहे, तपास दुसऱ्याकडे द्यावा. साहेबांनी ऑफिसभर नजर फिरवली. ऑफिसात साहेब, ती आणि शिपाई, एवढेच. "दुसरा कोण आहे?" म्हणाले, आणि कागदावर 'हरकत नाही' असं लिहून चहा मागवला.

नुसत्या फेसावर नोटीस निघत नाही. त्या झाकणाला चार जागांच्या मोऱ्या येत होत्या आणि उरलेले तिघंही साबण वापरणारेच. कायद्याला पुरावा लागतो रंगाचा. हिरव्या रंगाची एक बाटली असते, निरुपद्रवी, पण इतकी कडक की तेवढ्यात अख्खा ओढा रंगावा. ती मालकाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या मोरीत ओतायची, म्हणजे उद्या तपासनीसाने भलतीकडे ओतली असं म्हणायला नको. तपासनीस ओढ्यावर घड्याळ धरून बसणार. मालकाजवळ ऑफिसचा एक माणूस साक्षीला उभा राहावा, असंही पुस्तिकेत होतं. त्यावर साहेब म्हणाले होते, "बापावर पहारा कसला ठेवतेस? बाप आहे तो तुझा."

म्हणून चौदाव्या दिवशी सकाळी बाटली बाबांच्या हातात देऊन झाकणबाई एकटीच ओढ्यावर जाऊन बसली. दहा वाजता तिने फोन लावला.

"ओतला का, बाबा?"

पलीकडे यंत्राची घरघर. मग बाबांचा आवाज आला, "ओतला, मॅडम."

लाँड्रीपासून ओढ्यापर्यंत पाण्याला बारा मिनिटं लागायची. ती मोजत बसली. दहा झाली, बारा झाली, वीस झाली. उजव्या पाइपातून फेस धो धो येत होता, पण पांढरा. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच भांड्यातून बाहेरही आला. फेस येतो आणि रंग येत नाही? एकाच मोरीतून? पण नियम होता दोन तास थांबायचा, आणि ही बाई नियमाला नाकासमोर धरून चालणारी. ती दगडावर बसून राहिली आणि बदकांच्या दाढ्या मोजत राहिली.

पावणेबाराला पाणी हिरवं झालं.

पण उजव्या पाइपातून नाही. शेजारी हातभर अंतरावर डावा पाइप होता, तिने चौदा दिवसांत ज्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं तो. त्यातून हिरव्या काचेसारखी धार पडली आणि बघता बघता ओढा असा रंगला की एक बदक त्यात शिरलं आणि कच खाऊन परत फिरलं. झाकणबाई उभी राहिली. डावा पाइप बाजाराकडून येतच नव्हता. तो यायचा कचेऱ्यांच्या रस्त्याने.

तिने आकडा उचलला आणि निघाली. पहिलं झाकण, हिरवं. दुसरं, हिरवं. शाळेच्या कोपऱ्यावर एक फाटा येत होता, तो कोरडा ठणठणीत. कोर्टासमोर तिसरं झाकण, हिरवं. पण कोर्टाकडून येणारा पाइप स्वच्छ. "काय झाकणबाई, सापडलं का काही?" कुणीतरी विचारलं. ती काहीच बोलली नाही, आणि हे गावात पहिल्यांदाच घडत होतं. चौथं झाकण, पाचवं. प्रत्येक झाकणासरशी रस्ता जास्त ओळखीचा होत गेला. सहावं आणि शेवटचं झाकण एका आवारात होतं. आवाराच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'ओढा आपला, जबाबदारी आपली.' ती अक्षरं तिने स्वतः रंगवून घेतली होती.

जलसंरक्षण कार्यालयाचा संडास ओढ्यात जात होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिवाच अंधाराचा होता. झाकणबाई ऑफिसच्या पायरीवर बसली. शिपाई आतून धावत आला.

"बाई, बरं झालं आलात. साहेब डॉक्टरकडे गेलेत."

"का?"

"संडासातून बाहेर आले, तोंड पांढरं पडलेलं. मला म्हणाले, तू कधी असं हिरवं पाहिलंयस का? मी म्हणालो, कसलं हिरवं? ते म्हणाले, काही नाही. आणि गाडी काढून गेले."

"त्यांच्या आधी आत कोण गेलं होतं?"

"कोणी नाही. म्हणजे तुमचे बाबा. तुमचा डबा ठेवून गेले, तेव्हा जरा आत जाऊन आले. म्हातारं माणूस, मी काय विचारणार?"

तिचा डबा तिच्या पेटीत होता. सकाळी आईने दिलेला, अजून न उघडलेला. तिने टेबलावरचा दुसरा डबा उघडला. आत अन्नाचा कण नव्हता. तळाला हिरव्या रंगाचं एक गोल कडं होतं, बाटलीच्या बुडाएवढं.

सगळं एका क्षणात तिच्या लक्षात आलं, आणि लगेच कायद्याची पुस्तिकाही डोळ्यांसमोर आली, कारण तिला ती पाठ होती. चाचणीत खोटं सांगणाऱ्याची यंत्रं सील. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं, म्हणजे साहेबांची मर्जी असेल तितके. पण तपास बंद व्हायच्या आत मालकाने आपण होऊन खरं सांगितलं, तर सील नाही. तीस दिवसांची मुदत, तेवढ्यात मोरी योग्य पाइपाला जोडायची, तोवर धुलाई बंद. हे बाबांना सांगितलं की काम झालं. पण त्याच पानावर खाली होतं की तपासनीसाने पक्षकाराला कोणताही सल्ला देऊ नये. तपास उद्या संध्याकाळी पाचला बंद होणार होता.

संध्याकाळी घरी जेवायला बसले तर बाबांचा उजवा हात मांडीखाली. डाव्या हाताने पाणी पीत होते.

"हात वर घ्या," आई म्हणाली. "लेकीपासून काय लपवताय? बघ गं, अंगठा बघ. दुपारपासून लिंबू झालं, मीठ झालं, खायचा सोडा झाला. पाटी लावलीय कुठलाही डाग आणा, आणि स्वतःचा अंगठा निघेना."

अंगठा पोपटाच्या पंखासारखा हिरवा होता. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "शाई सांडली."

झाकणबाईने बोलायला तोंड उघडलं. सल्ला अगदी जिभेच्या टोकावर होता. तिने पटकन घास कोंबला आणि त्याच्यावर दुसरा.

"अगं, हळू! कोण मागे लागलंय?" आई म्हणाली.

"कायदा," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे एकदा बघितलं. रागाने नव्हे. लहानपणी ती पांढऱ्या चादरीवर चिखलाचे पाय उमटवून दाराआड लपायची, तेव्हा ते जसे तिला शोधत यायचे, तसं काहीतरी त्या नजरेत होतं. फक्त आज लपलेले ते होते. त्यांनी ताट अर्धं टाकलं आणि उठले. तिला रडू आलं. तिने ते घासाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी साहेब ठणठणीत होऊन आले. डॉक्टरांनी सगळं तपासून, काही नाही, कमी काळजी करा, असं सांगितलं होतं. झाकणबाईने तयार करून ठेवलेला अहवाल त्यांनी वाचला: रंग डाव्या पाइपातून, शेवटचं झाकण याच आवारात. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, कारण आपल्याला आजार नाही हे त्यांना खरं तर आत्ता पटलं. मग त्यांचा चेहरा आंबट झाला.

"रंग ओतला कुणी?"

"त्याबद्दल माझ्याकडे कुणाचा जबाब नाही."

"म्हणजे आकाशातून पडला. जबाब नाही तर पुरावा नाही." साहेब खुर्चीत मागे रेलले. "हे बघ. उजव्या पाइपातून रंग आला का? नाही. मग लाँड्री निर्दोष. चाचणी तू केलीस, वेळ तू लिहिलीस. फाइल बंद कर. तुझे वडील सुटले, तू सुटलीस. डाव्याचं आपण सावकाश बघू."

"आणि ओढा, साहेब?"

"ओढा कुठे पळून चाललाय?"

आता सांगायला हवं की झाकणबाई काही दगडाची नव्हती. पेन तिच्या हातात होतं. 'संशयित जागा निर्दोष' एवढे तीन शब्द लिहायचे, खाली सही, की बाबांची यंत्रं फिरत राहणार, साहेबांचा संडास चालत राहणार, तिचे बूट तिच्या पायांत राहणार. फक्त बदकांना दाढ्या येत राहणार आणि गावाच्या पेल्यात काय जाईल ते जाईल. तीन शब्दांत सगळ्यांचं भलं. तिने 'संशयित' लिहिलं. 'जागा' लिहिलं. पुढचा शब्द काही केल्या पेनातून उतरेना. अडीच वाजले, तीन वाजले. साहेब दर दहा मिनिटांनी खाकरत होते.

साडेतीनला दारात बाबा उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. उजवा अंगठा समोर धरलेला, जणू तोच ओळखपत्र.

"मॅडम, जबाब द्यायचा आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या."

साहेब झटकन उठले. "अहो, बसा, चहा घ्या. जबाब कसला? तुमचं काम झालंय, तुम्ही निर्दोष आहात."

"ते तुम्ही ठरवा, आधी माझं ऐका," बाबा म्हणाले आणि लेकीसमोरच्या खुर्चीत ताठ बसले. "काल मी ओतला म्हणालो. तो ओतला नव्हता. मोरीपाशी गेलो, बूच काढलं, पण हात पुढे जाईना. कारण कुठे जातं ते मला माहीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मोरी काढली तेव्हा प्लंबर म्हणाला, घाण पाण्याचा पाइप पलीकडे आहे, रस्ता खोदावा लागेल. हा पावसाचा मात्र दारातच आहे. मी म्हणालो, पाणी ते पाणी, जवळचा सोडून लांबचा कशाला. हे माझे शब्द. लिहा."

ती लिहीत होती. अक्षर वाकडं येत होतं, पण लिहीत होती.

"बरं, मग बाटली राहिली दुकानात. दीडशे चादरी आलेल्या, सगळ्या पांढऱ्या, आणि मध्ये ही उघडी हिरवी बाटली! फळीवर ठेवली, वाटलं पडेल. खिशात ठेवली, वाटलं गळेल. एक थेंब सांडला तर चाळीस वर्षं पाण्यात. मोरीत ओतावी तर ओढा. ठेववत नाही आणि टाकवतही नाही. तेव्हा विचार केला, गावात अशी कुठली जागा असेल जिथली मोरी नक्की बरोबर जोडलेली आहे? एकच आठवली. हे ऑफिस. इथे ओतला की सरळ शुद्धीकरण केंद्रात. ओढ्याला त्रास नाही, चादरींना नाही. डब्यात घालून आणली आणि तुमच्या संडासात ओतली." बाबा साहेबांकडे वळले. "तुमच्यावर भरवसा ठेवला, साहेब. तिथे माझं चुकलं."

शिपायाने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. त्याचे खांदे हलत होते.

"पण इथली जोडणी केली कोणी?" साहेब तावातावाने म्हणाले. "कोण तो गाढव प्लंबर?"

"तोच," बाबा म्हणाले. "तुम्ही तेव्हा इथे कारकून होतात. दुकानात येऊन मला विचारलं होतंत, कुणी चांगला प्लंबर आहे का. मीच पाठवला."

आता झाकणबाईने जबाबाच्या कागदाखाली रेघ मारली. मारल्याबरोबर ती एका दमात बोलली, चोवीस तास गिळून धरलेलं सगळं. तपास अजून बंद झालेला नाही, मालकाने आपण होऊन सांगितलं आहे, म्हणून यंत्रांना सील नाही, तीस दिवसांची मुदत आहे.

बाबा बघत राहिले. "आणि हे काल जेवताना सांगता येत नव्हतं?"

"सल्ला द्यायला मनाई आहे."

"म्हणून तशी कोंबत होतीस होय!" बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझी लाज वाटते म्हणून मान खाली घालून जेवतेय. रात्रभर मी..." ते थांबले. मग खुर्चीतून उठत म्हणाले, "आहे का अजून एखादी बाटली? ते उजवं पण उरकून टाकू. पाचला अजून तास आहे."

बाटली होती. या वेळी पुस्तिका अक्षरशः पाळली गेली. साहेबांना लाँड्रीत मोरीशेजारी उभं करण्यात आलं. त्यांच्या बुटांवर शिंतोडे उडू नयेत म्हणून आईने त्यांना स्टुलावर चढवलं होतं, असं मागाहून कळलं. झाकणबाई ओढ्यावर. फोन वाजला.

"ओतला," बाबा म्हणाले.

"नक्की?"

"साहेब स्टुलावरून बघतायत. आणि ऐक, वरच्या न्हाणीघराची मोरीही याच पाइपाला आहे. फेसात माझा साबण किती आणि तुझा शांपू किती, तेही लिही."

तिने लिहिलं. खरंच लिहिलं, 'वरच्या मजल्यावर तपासनीस राहते' असं.

बाराव्या मिनिटाला उजव्या पाइपातून हिरवं पाणी आलं. त्याच्या मागोमाग दोन मिनिटांनी बाबाही आले, घाईघाईने, धापा टाकत. चाळीस वर्षं गावात राहून ते या जागी कधी आले नव्हते. ओढ्याच्या काठावर उभे राहून त्यांनी पाइप बघितला, हिरव्या धारेवर तरंगणारा आपला फेस बघितला, आणि दाढीवाली बदकं बघितली.

"लोकांचा मळ काढला मी जन्मभर," ते म्हणाले. "तो जातो कुठे, हे बघायला कधी आलो नाही. कपडा पांढरा झाला की माझ्या लेखी मळ संपला."

तिने त्यांचा हात धरला. नियमात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना ऑफिसात दोन नोटिसा तयार होत्या. नोटीस मालकाला मोठ्याने वाचून दाखवायची आणि हातात द्यायची, असा नियम. पहिली तिने साहेबांसमोर धरली.

"मी दौऱ्यावर आहे," साहेब टेबलामागे बसून म्हणाले.

"साहेब दौऱ्यावर नाहीत," बाबा म्हणाले. "मला समोर दिसतायत. लिहा, साक्षीदार मी."

साहेबांनी कागद घेतला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लांब होत गेला. "म्हणजे संडास तीस दिवस बंद? अगं, मग आम्ही जायचं कुठे?"

"शुद्धीकरण केंद्रात," शिपाई म्हणाला. "थेट."

दुसरी नोटीस वाचताना झाकणबाईचा आवाज 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांशी अडकला. बाबांनी मान हलवून तिला पुढे वाचायला लावलं, शाळेत कविता म्हणताना अडलेल्या पोराला लावतात तसं. संपल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, पोचेवर सही केली आणि ती तिच्याकडे सरकवली. सहीशेजारी अंगठ्याचा अख्खा ठसा उमटला होता, हिरवागार.

बाबांनी डाग बघितला आणि त्यांच्यातला धोबी जागा झाला. "दे इकडे, चिमे. ताजा आहे. दोन मिनिटांत काढून देतो, कागदाला कळणारही नाही."

पंधरा दिवसांत त्यांनी तिला पहिल्यांदा चिमे म्हटलं होतं. तिने कागद ओढून फाइलीत ठेवला आणि फाइलीवर दोन्ही हात ठेवले.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "पुरावा आहे."